किरण कुठवर पोचले?

कोल्हापूरच्या अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि पुन्हा ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं आणि गरुड मंडप, कासव चौक ओलांडत गाभाऱ्यापर्यंत येतं. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मूर्तीचा मधला भाग, तिसऱ्या दिवशी मुख. हा झाला किरणोत्सवाचा नेम. प्रत्यक्षात कधी ढग येतात, कधी हवेत धूळ असते, किरणांच्या वाटेत इमारती उभ्या राहिलेल्या असतात. एखाद्या वर्षी ऊन गुडघ्यापर्यंत चढतं आणि तिथंच विरतं.

आमच्या स्टुडिओत कॅलेंडरची ऑर्डर घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे 'विरणं' पसंत नसतं. "दादा, तेवढा उजेड तोंडापर्यंत न्या की. आता काम्प्युटरवर सगळं हुतंय न्हवं?"

होतं. यंदा मी डार्कटेबल नावाचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. ते फुकट मिळतं आणि २००९ पासून जगभरची हौशी मंडळी ते घडवत आली आहेत. मूर्तीच्या मुखाभोवती एक लंबगोल मास्क काढायचा, कडा मऊ करायच्या, एक्स्पोजर दीड स्टॉप वाढवायचं, रंग थोडा पिवळ्याकडे सरकवायचा. चहा निवायच्या आत किरणोत्सव पूर्ण! म्हणजे करता येतं का, हा प्रश्न उरलाच नाही. करावं का, एवढाच उरला.

"फोटोला हातच लावायचा नाही, म्हणजे तो खरा" हे सोपं उत्तर या धंद्यात टिकत नाही. फिल्मच्या काळात मीही तारेला पुठ्ठ्याचा तुकडा लावून एनलार्जरखाली हलवत असे. जिथं सावली पडेल तिथं कागद कमी काळा होतो आणि चेहरा उजळतो. डिजिटलमध्ये तर हात न लावलेला फोटो नसतोच. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटपासून बहुतेक सेन्सरची रचना एकच आहे. प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची काच असते, निम्म्या बिंदूंवर हिरवी, पाव बिंदूंवर तांबडी, पाव बिंदूंवर निळी. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेबाने काढले जातात. म्हणजे तुमच्या लग्नाच्या फोटोतला दोन तृतीयांश रंग मुळात गणित आहे. सेन्सरची कच्ची नोंद, म्हणजे रॉ फाइल, कोणतीही प्रक्रिया न करता उघडली, तर अंधारी, हिरवट खिचडी दिसते. ती कुणी भिंतीवर लावत नाही.

हाच वाद आपल्याकडे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी झाला आहे. बौद्ध आचार्य दिङ्नाग म्हणत की नाव, जात, गुण यांची कल्पना चिकटण्यापूर्वीचं जे निर्विकल्पक ज्ञान, तेवढंच प्रत्यक्ष. पुढचं सगळं मनाने केलेलं. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे पटलं नाही. 'ही गाय आहे' हे सविकल्पक ज्ञानही प्रत्यक्षच, कारण ते वस्तूशी इमान राखतं. नव्यन्यायाच्या गंगेशांनी तर निर्विकल्पक ज्ञान स्वतः कधी अनुभवाला येतच नाही, ते होतं असं अनुमानाने मानावं लागतं, असं म्हटलं. रॉ फाइल रोज हाताळणाऱ्या माणसाला गंगेश पटकन पटतात. ती असल्याशिवाय फोटो नाही, पण तिला तिच्या रूपात पाहिलंय कुणी?

नैयायिकांनी भ्रमाचीही सरळ खूण सांगितली. जिथं जे नाही तिथं ते आहे असं वाटणं, म्हणजे भ्रम. मी माझ्या टेबलावर हीच कसोटी लावतो. चौदा बिटच्या फाइलमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, तर नेहमीच्या जेपेगमध्ये रंगागणिक २५६. गाभाऱ्याच्या अंधारात देवीचा मळवट, नथ, साडीचे काठ हे सेन्सरने अनेकदा टिपलेलं असतं, फक्त ते खालच्या पायऱ्यांवर दडलेलं असतं. ते वर आणलं तर मी काही घातलं नाही. पण वाटेत इमारती नसत्या तर ऊन आज मुखावर पडलं असतं, असं म्हणून मी ते रंगवलं, तर जिथं ऊन नाही तिथं ऊन दाखवलं. दोन्हींसाठी स्लायडर एकच सरकतो.

खरी पंचाईत याच्या पुढे आहे. दुसरा एक पैसे भरून घ्यायचा प्रोग्रॅमही मी चालवून पाहिला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने दाणे काढायची सोय आहे. अंधारातला खरबरीत फोटो दिला, तर मूर्तीच्या कपाळाचा दगड असा तुकतुकीत होऊन आला की जणू कालच घडवला. फोटोशॉपमध्ये २०२३ साली आलेलं जनरेटिव्ह फिल तर रिकाम्या जागी हवं ते भरून देतं. इथं कुणी म्हणेल, बायरच्या काचाही अंदाजच करतात, मग यातच पाप कसलं?

फरक हेतूचा आहे, न्यायशास्त्रातल्या अर्थाने, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान करायचं त्या खुणेचा. धूर पाहून डोंगरावर आग आहे असं म्हणणं हे रीतसर अनुमान, कारण धूर त्याच डोंगरावर आहे. शेजारच्या बिंदूंवरून रंग काढणाऱ्या गणिताचा धूर याच फोटोत असतो. हजारो परक्या फोटोंवर शिकलेलं यंत्र मात्र 'अशा मूर्ती सहसा अशा दिसतात' एवढ्यावर कपाळ भरतं. धूर दुसऱ्या डोंगरावरचा, आग आमच्या. आणि ते हे अनुमान म्हणून सांगत नाही, प्रत्यक्ष म्हणून हातात देतं. अनुमान हेही प्रमाणच आहे, त्यात कमीपणा नाही. प्रमाण लपवणं ही लबाडी.

"श्रद्धेचा फोटो आहे, त्याला कसली कसोटी?" असंही मला ऐकवलं जातं. मला उलट वाटतं. चित्रकाराने देवीच्या मुखामागे प्रभावळ काढली तर तो भाव आहे, ते सगळ्यांना कळतं. पण फोटो 'हे घडलं' असं सांगतो. किरणोत्सवाला लोक दाटीवाटीने उभे राहतात, ते ऊन येईलच याची हमी नसते म्हणून. मुखापर्यंत किरण आले की जो जयघोष उठतो, त्यात ते न येण्याची सगळी वर्षं मोजलेली असतात. दरवर्षी कॅलेंडरवर मुख उजळलेलंच दिसू लागलं, तर पुढच्या पिढीला देवळात उभं राहायचं कारण काय? शिवाय वाटेतला अडथळा दूर करा, असं तरी कोण म्हणेल? कागदावर तर सगळं सुरळीत आहे.

डार्कटेबल मूळ फाइलला धक्का लावत नाही. केलेला प्रत्येक बदल शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवतं, हे मला म्हणूनच आवडलं. मी गिऱ्हाइकाला सावल्या उघडलेला फोटो दिला आणि खाली तारीख, वार आणि 'किरण गुडघ्यापर्यंत' असं छापायला सांगितलं. कुणाला मुखावर ऊन हवंच असेल, तर चित्रकाराकडून चित्र काढून घ्यावं. कोल्हापुरात चित्रकारांना तोटा नाही. आणि तुमच्या घरी देवाचा फोटो येईल तेव्हा फोटोग्राफरला एवढं जरूर विचारा, की यातला उजेड तिथं होता का.