तारीख विचारली की माना खाली का?

मुलींनो, वह्या मिटा आणि इकडे बघा. बारावी सायन्सच्या तुम्ही. अंडाशयाची आकृती नावांसकट काढता, आणि मागची पाळी कधी आली विचारलं तर एकमेकींची तोंडं बघता! तो धडा काय फक्त मार्कांपुरता शिकलात?

‘चार महिने आलीच नाही, बरं झालं, क्लास बुडत नाही’ हे मागच्या बाकावरून माझ्या कानावर आलंय. काय बरं झालं त्यात? पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होते, मान्य. पण तुमची ती वर्षं सरली. आता एका पाळीपासून दुसरीपर्यंत २१ ते ३५ दिवस जायला हवेत. ९० दिवस झाले तरी आली नाही, तर डॉक्टर गाठायचाच. अंडाशयातून बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत जातं आणि मग कधीतरी धो धो अंगावरून जातं. वर्षानुवर्षं असंच चालू राहिलं तर त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. कळलं?

मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसला की तुमच्या आया मळ समजून घासत बसतात. घासून जाणार नाही तो! हनुवटीवर राठ केस आले की तुम्ही पार्लर गाठता, मुरमांवर क्रीम थापता. या खुणांसोबत पाळीही लांबत असेल, तर पीसीओएसची, म्हणजे हार्मोन बिघडून अंडाशयाचं काम विस्कटण्याच्या त्रासाची, तपासणी करायला हवी. आणि बारीक मुलींनी निर्धास्त राहू नये. उपाशी राहून वजन उतरवलं तरी बीज सुटणं थांबतं. थायरॉईड बिघडलं, प्रोलॅक्टिन वाढलं, तरीही तेच. छातीतून दुधासारखा स्राव येत असेल तर तो लपवू नका.

गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीला विचारून घेता, तेही बंद करा. डॉक्टरला विचारल्याशिवाय एक गोळी घ्यायची नाही.

‘लग्न झालं की होईल सुरळीत’ असं घरात कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. लग्नाने हार्मोन सुधारत नाहीत. रक्ताची तपासणी, सोनोग्राफी आणि वेळेवर उपचार, हाच त्यावरचा मार्ग आहे.

आज घरी जाऊन मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा लिहून काढा. आठवत नसतील तर या महिन्यापासून लिहायला लागा. आणि जिला तीन महिन्यांत पाळी आलेली नाही, तिने मधल्या सुट्टीत मला एकटीने येऊन भेटायचं. आईशी मी बोलेन.