खोटं आणि खोटं-खोटं

कामावरून परतताना हायवे ४०० वर वॉन जवळ आलं की उजव्या हाताला एक डोंगर दिसतो. आजूबाजूला सगळं सपाट: गोदामं, मॉल, पार्किंग. मधेच हा करडा सुळका. कॅनडाज वंडरलँड हे उद्यान १९८१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून तो उभा आहे. अंगावरून धबधबा पडतो, पोटातून रोलर कोस्टर धावतो. डोंगर पोकळ आहे. मी नाशिकची, ब्रह्मगिरी आणि अंजनेरी बघत वाढलेली. पहिल्यांदा तो बघितला तेव्हा हसू आवरेना. पुढे तसलेच दगड बनवून पोट भरायची वेळ आली.

टोरांटोच्या स्टुडिओंमध्ये सेटवरच्या वस्तू बनवणाऱ्यांच्या हाताखाली मी काम करते. फोमचा ठोकळा गरम तारेने कापायचा, सुरीने ओरबाडायचा, वर लेप, मग रंगाचे तीन हात. शेवाळ सगळ्यात शेवटी. माझ्या वाट्याला मुलांचे सिनेमे जास्त येतात. त्यामुळे गुहा, बोलणारी झाडं आणि राक्षसांची हाडं यांत माझा हात बसलाय.

सात वर्षांची असताना टीव्हीवर ‘धडाकेबाज’ पाहिला. बाटलीतला एवढासा लक्ष्मीकांत बेर्डे बघून मी सरबताची रिकामी बाटली आठवडाभर उशाशी घेऊन झोपत होते. चुलतभावाने सांगितलं, “अगं, एकाच माणसाचं दोनदा शूटिंग करतात.” मी रडले. राग दादाचा नव्हता, सिनेमाचाही नव्हता. आपण फसलो याचा होता. तेव्हा एक हिशोब डोक्यात बसला: युक्ती कळली तो मोठा, न कळली तो लहान. सिनेमाच्या धंद्यात शिरले तीही बहुधा यासाठीच, की एकदाचं युक्ती करणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसावं. पहिली दोन वर्षं मी एकही सिनेमा धड पाहिला नाही. पडद्यावर कडा आला की माझी नजर फोमचा सांधा शोधायची.

या हिशोबाला पहिला तडा गेला तो ‘ई.टी.’च्या एका गोष्टीने. १९८२ च्या त्या सिनेमात काम करताना ड्रू बॅरिमोर फार लहान होती. ती सेटवर ई.टी.च्या रबरी बाहुल्याशी गप्पा मारत बसायची. हे लक्षात आल्यावर स्पीलबर्गने माणसं नेमली, चित्रीकरण नसतानाही ती आली की बाहुला हलता ठेवायला. आता, त्या मुलीच्या डोळ्यांसमोर दिवसभर तारा होत्या, दिवे होते, बाहुला हलवणारी माणसं होती. युक्ती तिला दिसत नव्हती असं कसं म्हणावं? दिसत होती, आणि तरी त्याला थंडी वाजू नये म्हणून ती त्याच्या गळ्यात मफलर गुंडाळत होती.

मग मला फाळके आठवले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा माणूस आम्हा नाशिककरांना शाळेच्या सहलीतल्या स्मारकापुरताच ठाऊक असतो. त्यांच्या ‘कालिया मर्दन’चा (१९१९) शिल्लक उरलेला भाग मी इथे येऊन, रात्री लॅपटॉपवर पाहिला. कृष्ण झाली आहे त्यांची मुलगी मंदाकिनी. पण गोष्ट सुरू व्हायच्या आधी फाळके तिला नुसतीच कॅमेऱ्यासमोर आणतात. ती रुसते, हसते, रागावते, एकामागून एक भाव करून दाखवते. म्हणजे बाप आधी सांगतो, ही बघा माझी पोर, हिला अभिनय येतो. मग तीच पोर कृष्ण होते आणि प्रेक्षकाने आता हिला देव मानायचं असतं. माझ्या हिशोबाने फाळक्यांनी आपला पत्ता स्वतःच उघडा टाकला. पण डाव काही मोडला नाही. सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारी फिल्मही त्यांनी काढली होती. लपवाछपवीची हौस या माणसाला फारशी नसावी.

२०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेतले सिनेमालेखक संपावर गेले, जुलैत नटही गेले. टोरांटोतली पुष्कळशी कामं अमेरिकन पैशावर चालतात, त्यामुळे आमचे फोन वाजायचे थांबले. नट परतले ते नोव्हेंबरात. मधल्या रिकाम्या दिवसांत, सप्टेंबरात गणपतीच्या कार्यक्रमातल्या बालनाट्यासाठी मी गॅरेजमध्ये राक्षसाचं डोकं केलं. शेजारची पाच वर्षांची पोर रोज येऊन बसायची. दात तिने रंगवले. एका सुळ्याला तिच्या बोटाचा ठसा लागला, तो मी तसाच राहू दिला.

प्रयोगात राक्षस विंगेतून बाहेर आला आणि हीच पोर किंचाळून आईच्या मांडीत घुसली. पुरती घाबरली होती. मिनिटभराने एक डोळा बाहेर काढून मागच्या मुलाला म्हणाली, “ते दात मी केलेत.” आणि पुन्हा किंचाळली.

नंतर मी तिला विचारलं, “तुला माहीत होतं ना तो खोटा आहे?” माझी कीव येऊन ती म्हणाली, “खोटा नाही काही. खोटा-खोटा.”

इंग्रज कवी कोलरिजने १८१७ मध्ये लिहिलं की काव्य वाचताना माणूस आपला अविश्वास स्वखुशीने बाजूला ठेवतो. टोल्किनला हे पटलं नाही. १९३९ च्या एका भाषणात त्याने मांडलं की अविश्वास बाजूला ठेवावा लागला, तर जादू फसली असं समजावं. गोष्ट चांगली असेल तर ऐकणारा त्या दुसऱ्या जगात शिरतो आणि तिथलं तिथे खरंच मानतो. मला दोघेही थोडे तोकडे वाटतात. माझी शेजारीण काही बाजूला ठेवत नव्हती, आणि कुठे शिरून हरवलीही नव्हती. दातांवरचा ठसा आणि भीती, दोन्ही तिच्यापाशी एकाच वेळी होती. भातुकलीत रिकाम्या कपातला चहा फुंकून पिणारं प्रत्येक मराठी मूल हे करतं. शब्द एकदा उच्चारला तर ती फसवणूक, दोनदा उच्चारला तर करार. लुटुपुटूच्या भांडणात कुणी खरं मारलं की रडारड होते, ती करार मोडला म्हणून. दादाने बाटलीचं सांगितलं तेव्हा मी रडले, कारण आपण खोटं-खोटं खेळतोय हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. फाळक्यांनी ते सांगून टाकलं होतं.

हे सगळं मी गॅरेजमध्ये बसून शोधलं अशी माझी समजूत होती. त्याच दिवसांत आईचा फोन यायचा. बिनकामाची बसलेय हे तिला सांगवेना, म्हणून मी त्या राक्षसाला एका मोठ्या सिनेमात घातलं. त्याची गुहा रचली, तीस फूट उंच. दिग्दर्शकाने केलेलं कौतुकही रचलं. संपाच्या बातम्या नाशिकच्या पेपरात येत नसतील असं मला का वाटलं कोण जाणे. आई व्हिडिओवर शेंगा सोलत सगळं ऐकून घ्यायची, मधे मधे “अगंबाई” म्हणायची. एके दिवशी गुहेतल्या झऱ्याचं वर्णन रंगात आलं असताना तिने विचारलं, “त्या गुहेत फ्रिज आहे का गं? उघडून दाखव बघू.”

मी उघडला. अर्धं लिंबू, दह्याचा डबा, कोथिंबिरीच्या काड्या.

ती बघत राहिली. शेंगांची परात बाजूला सरकवली. मग म्हणाली, “उद्या दादा पैसे टाकेल, ते काढ. हं, आता सांग, झऱ्याला पाणी कुठून आणलंत?”