पात्याचे प्रयोजन
कोलकात्याचे सॉल्ट लेक हे हुगळीच्या गाळाने खारी दलदल बुजवून आराखड्याबरहुकूम घडविलेले नगर. तेथील एखाद्या हौशी गृहस्थाने कारागिराकडून बोवी धाटणीचा सुरा घडवून घ्यावयाचे मनात आणले, तर प्रश्न केवळ अभिरुचीचा उरत नाही. १८२७ च्या झटापटीने जेम्स बोवीचे नाव ज्या पात्याला चिकटले, त्याची ख्याती रक्ताचीच आहे. भारतातील २०१६ चे शस्त्र नियम ९ इंचांहून लांब पाते शस्त्रांत गणतात. घरकाम, शेती, विज्ञान वा उद्योग यांसाठीच घडविलेले पाते तेवढे वगळतात. म्हणजे कायदाही लांबीपाशी न थांबता प्रयोजन विचारतो, आणि शोभा हे प्रयोजन त्या यादीत नाही. घाव लोहाराचा असतो. हेतू मात्र घडवून घेणाऱ्याचा. भिंतीवर टांगल्याने तो निष्पाप ठरत नाही.