आपल्या हातची पूजा

सकाळी कल्याण-डोंबिवलीहून सीएसएमटीकडे निघालेल्या लोकलच्या एखाद्या डब्यात टाळ वाजू लागतात. ऑफिसच्या बॅगेतूनच ते बाहेर आलेले असतात. एकजण अभंग उचलतो, बाकीचे मागे म्हणतात. मृदंग नसला तर डब्याचा पत्रा चालतो. कुणी पावती फाडत नाही, कुणी महाराज होत नाही. दसऱ्याच्या सुमाराला हीच मंडळी डब्याला झेंडूची तोरणं बांधतात, देवीची आरती करतात आणि प्रसाद हातोहात दारापर्यंत पोचवतात. भजनाला लागतं ते सारं त्यांच्याजवळ असतं: थोडा वेळ, आवाज आणि दोन हात.

आज देवाधर्मातलं पुष्कळ काही विकत मिळतं. त्र्यंबकेश्वरला २०० रुपये भरले की लवकर दर्शनाची रांग आहे. अभिषेक मोबाईलवरून नोंदवता येतो, प्रसाद कुरिअरने घरी येतो. ठाण्यातल्या दहीहंडीला लाखांची बक्षिसं लागतात. या सगळ्याला सरसकट नावं ठेवू नयेत. गुडघे दुखणाऱ्या आजीला रांग चुकली तर बरंच आहे. गुरुजींची दक्षिणा हा त्यांच्या विद्येचा मान आहे. पण सोय वाढते तसं आपलं अंग निघत जातं. पावती आपल्या नावाची, संकल्प सोडणारे हात दुसऱ्याचे आणि त्या घटकेला आपण मीटिंगमध्ये! मग मन हिशेबाला बसतं. एवढे दिले, आता फळ कधी?

आपल्या संतपरंपरेने हा हिशेब कधी मांडलाच नाही. आळंदीहून जवळजवळ अडीचशे किलोमीटर चालत आलेल्या वारकऱ्याला गर्दीत गाभारा गाठता आला नाही, तर तो कळसाला हात जोडतो आणि समाधानाने माघारी फिरतो. चालणं त्याचं स्वतःचं असतं, म्हणून वारी पुरी होते. गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. भुकेल्याला अन्न द्या, कर्ज काढून सण करू नका, हेच ते सांगत. त्यांची पूजा खराट्याने सुरू होई.

आज कामाला निघण्याआधी देवापुढची कालची फुलं आपणच उचलू या. निरांजन पुसून वात लावू या. देव्हारा नसेल त्याने घरातल्या वडीलधाऱ्यांना चहाचा कप हातात द्यावा आणि मिनिटभर जवळ बसावं. देणगी, अभिषेक, यात्रा ऐपतीप्रमाणे जरूर करावं. पण रोजची एक गोष्ट अशी ठेवावी, की जी आपल्याऐवजी दुसऱ्या कुणी करून चालणार नाही.