तारण

तारण हा शब्द आम्हा शेतकऱ्यांना भेटला तो सोसायटीत. कर्ज हवं तर जमीन तारण ठेवा. त्यामुळे धाकटा भाऊ मुंबईहून येऊन ओटीवर बसला आणि "दादा, माझं तारण झालं," म्हणाला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं, "किती उचललंस?"

तो हसला नाही. गोदीत हमाली करता करता दारूत बुडालेला माणूस. आम्ही त्याच्यावर पाणी सोडलं होतं. कुणीतरी प्रार्थनेला नेलं, बाटली सुटली, मग त्यानं बाप्तिस्मा घेतला. ती बाटली माझ्या शपथांनी सुटली नव्हती, कुलदैवताच्या नवसानंही नाही. हे मी कबूल करतो.

आठ दिवस राहिला. माझ्याबरोबर वाडीत सुपाऱ्या सोलल्या. शेवटच्या रात्री म्हणाला, "दादा, तूपण स्वीकार. नायतर तिकडं मी एकटाच."

"आणि आयशीचं काय?" मी विचारलं. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ख्रिस्ताचं नाव तिच्या कानावर पडलं असेल ते कोर्लईच्या मासळीवालीकडून, तेही भाव करताना.

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "ते देवाच्या हातात."

"मंग मलापण त्याच्याच हातात राहू दे."

तेव्हा वाटलं, जिंकलो. पण पुढे ते बोलणं मलाच टोचायला लागलं. आईसाठी नाही म्हटलं, की भावकी काय म्हणेल, पोरीचं लग्न कसं जमेल, म्हणून? खरं सांगायचं तर दोन्ही होतं, आणि पहिल्यापेक्षा दुसरं जास्त.

आमच्या रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई. १७४० साली पोर्तुगीज गेले, त्यांचा धर्म घेतलेली माणसं राहिली. घरात अजून पोर्तुगीजातून झालेली बोली बोलतात, बाजारात आपल्यासारखीच मराठी. तिथला एक दोस्त आहे माझा, वाल आणि तोंडली पिकवतो. त्याला विचारलं, "तू कवा रे स्वीकारलंस?" तो म्हणाला, "मी कुठं स्वीकारलंय? तान्हा होतो तवाच पाणी घातलं डोक्यावर. तू तरी तुझा कवा घेतलास?" मला उत्तर सुचलं नाही. जे कधी हातानं उचललंच नाही, ते सोडलं नाही म्हणून मी फुशारकी मारत होतो.

मग वाचनालयातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणली. रेव्हरंड टिळक आपल्या कोकणातलेच, दापोलीकडचे. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि बाईंचा संसार मोडला. चार-पाच वर्षं ही बाई वेगळी राहिली, रडली, भांडली, पण नवऱ्यानं घेतलं म्हणून तिनं घेतलं नाही. पुढे नगरकडे त्यांच्याजवळ राहायला गेली तीही स्वतःचं सोवळं घेऊन. आधी जातीपातीचा विटाळ तिच्या मनातून गेला, आणि १९०० साली तिनं आपला बाप्तिस्मा आपण घेतला. तिचं नाही तिचंच होतं, होयसुद्धा. माझ्या भावाचंही होय त्याचंच आहे. माझं नाही मात्र निम्मं गावाचं.

टिळक सांगायचे, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. गंमत अशी, की तुकोबा स्वतः मुक्ती नको म्हणणारे, गर्भवास चालेल म्हणणारे. मीही त्याच पुलाच्या अलीकडे बसलोय. मला बायकोपोरं, वाडी, आईची पानाची चंची, हे सगळं टाकून एकट्यानं तरायचं नाही. यात श्रद्धा किती आणि मोह किती, ते वेगळं काढता येत नाही मला.

भाऊ दर रविवारी फोन करतो. स्वीकार म्हणून पुन्हा कधी बोलला नाही. गेल्या वर्षी बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मीच त्याला फोन केला. म्हटलं, "वैनीसाठी प्रार्थना कर रे." तिकडून जरा वेळ आवाज आला नाही. मग म्हणाला, "दादा, ती तर कवापासून चालूच हाय. तुझं नावपण असतं त्यात."

मी नको म्हटलं नाही.