जमिनीखालीं वायु, जमिनीवर माणसें

मीठ म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें उरण-भाईंदरकडचीं मिठागरें उभीं राहतात. समुद्राचें पाणी वाफ्यांत घ्यावें, उन्हानें तें आटूं द्यावें, आणि तळाशीं उरलेलें मीठ ओढून त्याच्या राशी घालाव्या, एवढी त्या धंद्याची आपली ओळख. परंतु निसर्गानें हाच उद्योग कोट्यवधि वर्षांपूर्वीं फार मोठ्या प्रमाणावर करून ठेवला आहे. प्राचीन समुद्र आटले, त्यांचें मीठ तळाशीं राहिलें, त्यावर गाळाचे व खडकांचे थर चढले, आणि आज तें मीठ पृथ्वीच्या पोटांत कित्येक ठिकाणीं शेंकडों फूट जाडीनें दडून बसलें आहे. उपासाच्या दिवशीं आपण जें सैंधव वापरतों तें याच जातीचें.

या मिठाच्या थरांत जळाऊ वायूची कोठारें करण्याची विद्या पाश्चात्यांनीं गेल्या साठ-पासष्ट वर्षांत सिद्ध केली. कृति ऐकावयास सोपी आहे. जमिनींत खोल नळ उतरवावा, त्यांतून पाणी आंत सोडावें, पाण्यांत मीठ विरघळलें म्हणजे तें खारें पाणी वर काढावें, व असें दीर्घकाळ करीत राहावें. अखेरीस मिठाच्या पोटांत एखादें देवालय शिखरासकट मावेल एवढी पोकळी तयार होते. एका घनमीटर पोकळीस सात-आठ घनमीटर पाणी खर्ची पडतें, आणि तेवढ्या खाऱ्या पाण्याची वाट कोठें लावावयाची हा प्रश्न मागें उरतो. तयार झालेल्या पोकळींत मग दाबाखालीं वायु भरतात. उन्हाळ्यांत भरावा, हिंवाळ्यांत काढावा. आपल्याकडे पेवांत धान्य घालीत त्यांतलाच हा प्रकार. १९६१ सालीं अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत मेरीस्व्हिल येथें मिठांतल्या पोकळींत प्रथम असा वायु सांठविण्यांत आला. पुढें जर्मनी, इंग्लंड वगैरे देशांनीं तोच मार्ग धरला. पात्र म्हणून मिठाचे गुण खरोखरच मोठे आहेत. त्यांतून वायु सहसा झिरपत नाहीं, आणि दाबाखालीं तें मळलेल्या कणकेसारखें अत्यंत सावकाश सरकत असल्यामुळें त्याला पडलेली भेग आपली आपणच बुजते. २०२२ च्या युद्धामुळें रशियाचा वायु आटला तेव्हां युरोपच्या संघानें आपल्या राष्ट्रांस त्या नोव्हेंबरपर्यंत भूगर्भांतील कोठारें शेंकडा ८० भरण्याचा निर्बंध घातला. तेव्हां हीं कोठारें म्हणजे कोणा भांडवलवाल्याची निव्वळ हौस, असें म्हणून चालावयाचें नाहीं.

तथापि असें कोठार करावयाचें ठरलें कीं वर राहणारीं माणसें बहुधा बिथरतात. सभा भरतात, अर्ज होतात. इंजिनियर नकाशे घेऊन येतो आणि मीठ किती अभेद्य आहे हें समजावून सांगतो; लोक ऐकून घेतात आणि घरीं जातांना पूर्वींइतकेच साशंक असतात. पेशानें शिक्षक असल्यामुळें, जेथें भीति आहे तेथें अज्ञान आहे, व व्याख्यान हा त्यावरचा उतारा आहे, अशी आमचीही पुष्कळ दिवस समजूत होती. ती आतां राहिलेली नाहीं. ती कां राहिली नाहीं तें सांगण्यासाठीं दोन ठिकाणच्या हकीकती येथें देणें जरूर आहे.

पहिली हकीकत अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांतील हचिन्सन शहराची. या गांवाचें नशीबच मिठावर उभें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें मीठ सांपडलें, आणि तेव्हांपासून खारें पाणी उपसण्यासाठीं गांवांत व आसपास अनेक विहिरी पाडल्या गेल्या. धंदे बदलले, कारखाने उठले, विहिरींवर माती पडली, मातीवर घरें झालीं. गांवाच्या वायव्येस सुमारें सात मैलांवर याग्गी नांवाच्या जागीं मिठाच्या पोकळ्यांतून वायूचें कोठार होतें. १७ जानेवारी २००१ रोजीं सकाळीं भर बाजारपेठेंत स्फोट होऊन दुकानें पेटलीं. त्यानंतर गांवाच्या कडेला कोठें कोठें जमिनींतून वायु व खारें पाणी कारंज्यासारखें उसळूं लागलें. दुसऱ्या दिवशीं फिरत्या घरांच्या वस्तींत दुसरा स्फोट झाला आणि त्यांत दोन माणसें प्राणास मुकलीं.

पुढें संस्थानच्या भूगर्भखात्यानें शोध केला तेव्हां दिसून आलें तें असें: मिठाची पोकळी फुटली नव्हती. तिच्यापर्यंत जाणाऱ्या एका नळाला, पोकळीच्या पुष्कळ वर, सुमारें ६०० फूट खोलीवर भोंक पडलें होतें. तेथून सुमारें १४ कोटी घनफूट वायु निसटला, वरच्या एका भेगाळ खडकाच्या थरांतून सात मैल चालत गांवाखालीं आला, आणि त्या जुन्या, विसरलेल्या विहिरींच्या वाटेनें वर चढला. नळही मूळचा नवा नव्हता. पूर्वीं दुसऱ्या वायूसाठीं तो वापरलेला होता, मध्यंतरीं सिमेंटानें बुजविला होता, आणि नव्या उपयोगासाठीं पुन्हां पोखरून मोकळा केला होता.

या हकीकतींत मिठानें आपलें वचन पाळलें आहे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. इंजिनियरानें मिठाविषयीं जें सांगितलें असेल तें अक्षरशः खरें ठरलें. चुकला तो नळ, आणि त्याहून चुकली ती गांवाची आठवण. कोणत्या अंगणांत पूर्वीं विहीर होती हें कोणालाच नीटसें ठाऊक नव्हतें. भूगर्भाचा नकाशा होता, पण माणसांनीं भूगर्भाला केलेल्या छिद्रांचा नकाशा नव्हता. म्हणून सभेंतला एखादा म्हातारा शेतकरी उठून ‘तुमचें मीठ पक्कें असेल हो, पण नळ कोण पाहणार, आणि तुम्ही गेल्यावर कोण पाहणार?’ असें विचारूं लागला, तर त्याला आम्ही अडाणी म्हणणार नाहीं. त्याचा प्रश्न मिठाविषयीं नसून माणसांविषयीं आहे, आणि माणसांविषयीं त्याचा अनुभव भूगर्भशास्त्र्याहून कमी नाहीं. पेवांत उतरण्यापूर्वीं तोंड उघडून हवा खेळूं द्यावी हें आपल्या खेड्यांतल्या मनुष्यास रसायनशास्त्र शिकल्यावांचून ठाऊक असतें, तेंही कोणी तरी पूर्वीं कोंदलेल्या हवेंत गुदमरून मेलेला असतो म्हणूनच.

परंतु समजा, नळही पक्का आहे, दप्तरही चोख आहे, आणि धोका खरोखरच नगण्य आहे. मग तरी प्रश्न मिटतो काय? आमच्या मतें मिटत नाहीं. आणि येथें दुसरी हकीकत उपयोगी पडते. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतांत शुबेनाकाडी नांवाची नदी आहे. फंडीच्या उपसागराची विलक्षण भरती या नदींत उलटी चढते, आणि तिच्या भिंतीसारख्या लाटेबरोबर समुद्रांतले मासे आंत येतात. आल्टन गांवाजवळ मिठांत कोठारें कोरावीं, त्यासाठीं पाणी या नदीचें घ्यावें, आणि खारें पाणी पातळ करून याच नदींत परत सोडावें, अशी एका कंपनीची योजना होती. नदीचें पाणी मूळचेंच भरतीला खारट असतें, त्या मर्यादेबाहेर आम्ही जाणार नाहीं, असें कंपनीचें म्हणणें. तें खोटें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या नदीकांठीं मिकमाक नांवाचे मूळचे रहिवासी राहतात, आणि १७५२ सालीं इंग्रजांनीं त्यांच्याशीं जो तह केला त्यांत याच नदीवर त्यांच्यासाठीं व्यापाराचें घर ठेवण्याचें कलम आहे. त्यांचा प्रश्न खारटपणाचा होताच, पण त्याआधीं असा होता कीं, ही नदी ज्यांच्या तहांत आहे त्यांना तुम्ही केव्हां विचारलेंत?

यावर प्रांतिक सरकारच्या वकिलानें २०१६ सालीं न्यायालयांत लेखी उत्तर दिलें. त्याचा मथितार्थ असा कीं, विचारविनिमयाचें कर्तव्य फक्त अजिंक्य राहिलेल्या लोकांच्या बाबतींत असतें. म्हणजे तुम्ही जिंकलेले आहां, तुम्हांला काय विचारावयाचें! गुलामगिरींत वाढलेल्या आमच्या देशांतील वाचकास या वाक्याची चव निराळी सांगावयास नको. ओरड झाली तेव्हां प्रांताच्या मुख्य प्रधानांनीं क्षमा मागितली. पण आमच्या मतें त्या वकिलानें अजाणतां एक उपकारच केला. नकाशे, तक्ते व खारटपणाचे आंकडे यांच्या खालीं दडलेली वृत्ति त्यानें उघड करून दाखविली. पुढें नदीकांठीं लोकांनीं तहांतल्या कलमाची आठवण म्हणून एक घर बांधलें. २०१९ च्या एप्रिलांत तीन वृद्ध स्त्रियांना तेथें पकडण्यांत आलें. मार्च २०२० मध्यें तेथील न्यायालयानें विचारविनिमय पुरेसा झाला हा मंत्र्याचा निर्णय चुकीचा ठरवून तो पुन्हां सुरू करण्यास सांगितलें, आणि ऑक्टोबर २०२१ मध्यें कंपनीनें योजना सोडून दिली.

आतां दुसरी बाजू. आमच्या घरीं नळानें वायु येतो आणि सकाळचा चहा त्यावरच होतो. ज्यांच्या घरांत ऊब वायूचीच आहे अशांनीं ‘कोठार कोठेंही करा, आमच्या अंगणाखालीं नको’ असें म्हणणें हें न्यायाचें बोलणें नव्हे, आणि कोठारांच्या विरुद्ध चाललेल्या पुष्कळशा चळवळींत हा सूर असतो हें कबूल केलें पाहिजे. कोणाच्या तरी जमिनीखालीं तें होणारच. मग बेंथॅमच्या अनुयायांनीं गणित मांडावें: शहरांतील लाखो लोकांची हिंवाळ्यांतील सोय एका पारड्यांत, खेड्यांतल्या कांहीं शें माणसांची धाकधूक दुसऱ्यांत. आम्ही वर्गांत हें तत्त्व पुष्कळ वर्षें शिकविलें आहे आणि त्याचा अनादर करीत नाहीं. परंतु लोकमान्यांनीं गीतारहस्यांत त्यावर पांडवांच्या सात व कौरवांच्या अकरा अक्षौहिणींचा जो दाखला दिला आहे तो आम्हांस अजून निरुत्तर वाटतो. केवळ डोकीं मोजून बाजू न्याय्य ठरत असती तर कुरुक्षेत्राचा निकाल लढाईपूर्वींच लागला असता. शिवाय त्या गणितांत एक लबाडी आहे. लाभ घेणारे व धाक सोसणारे एकच असते तर बेरीज-वजाबाकी शोभली असती. येथें एकाच्या खात्यांतील जमा दुसऱ्याच्या खात्यांतील नांवेंत घालून शिल्लक काढली जाते, आणि ती दुसऱ्याला न विचारतां.

विचारणें आणि कळविणें यांत फरक आहे. मुलीचें लग्न ठरवून, मुहूर्त धरून, पत्रिका छापून झाल्यावर तिला ‘तुझी पसंति आहे ना?’ म्हणून विचारणारे बाप आमच्या पिढीनें पाहिलेले आहेत. नळ पाडून झाल्यावर भरविलेली सभा त्याच जातीची. ‘नाहीं’ म्हणण्याचा मार्ग मोकळा असतो तोंवरच प्रश्नाला प्रश्न म्हणतां येतें. पण मग लोकांनीं ‘नाहीं’च म्हटलें तर? तर कांहीं योजना मोडतील, कांहीं महाग होतील, आणि क्वचित् एखाद्या हिंवाळ्यांत शहरांना थंडी सोसावी लागेल. हें नुकसान खोटें नाहीं. आम्ही तें पत्करण्यास तयार आहों, असें येथें पुण्यांत उबेंत बसून लिहिणें सोपें आहे, हेंही आम्हांस कळतें. तरीसुद्धां आमचा कल तिकडेच आहे. आपल्याकडे विशाखापट्टण, मंगळूर व पादूर येथें खडकांत कोरलेल्या गुहांतून खनिज तेलाचा सांठा आहेच, आणि राजस्थानांतल्या मिठाच्या थरांचीही चर्चा होऊं लागली आहे. तेथील वाळवंटांत माणसें विरळ आहेत एवढ्यावरून तीं विचारण्यासारखीं नाहींत असें कोणी धरून चालूं नये.

आल्टनला पोकळ्या कधीं कोरल्या गेल्या नाहींत, परंतु मिठापर्यंत विहिरी मात्र खोदून ठेवलेल्या होत्या. योजना सोडतांना सर्व कांहीं रीतसर बंद करण्याचें कंपनीनें जाहीर केलें. हचिन्सनच्या लोकांनींही आपापल्या काळीं आपल्या विहिरी बुजविल्याच होत्या.