झेंडा कधी चढवला?

मिनेसोटाचा जुना झेंडा लांबून पाहिला तर निळे कापड आणि मधोमध गोल शिक्का, एवढेच दिसायचे. जवळ जाऊन पाहणाऱ्याला त्या शिक्क्यात एक गोष्ट सापडे. पुढे गोरा शेतकरी नांगर धरून उभा. बाजूला तोडलेल्या झाडाचा बुंधा, त्यात रुतलेली कुऱ्हाड आणि बुंध्याला टेकवून ठेवलेली बंदूक. मागे घोड्यावर बसलेला एक आदिवासी, हातात भाला, निघून चाललेला.

ही मुद्रा १८५८ची, म्हणजे राज्य झाले त्या वर्षाची. ती झेंड्यावर चढली १८९३ मध्ये. मधल्या काळात, १८६२च्या २६ डिसेंबरला, मँकेटो गावी डाकोटा या आदिवासी जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी दिले गेले आणि पुढच्याच वर्षी डाकोटांना राज्याबाहेर घालवण्यात आले. मुद्रा काढली तेव्हा चित्रातला स्वार फार तर वाटेला लागला होता. ती कापडावर उतरली तेव्हा तो परत येणार नाही, याची तजवीज होऊन गेली होती.

माझे म्हणणे एवढेच आहे, की झेंड्याला दोन तारखा असतात. एक त्याच्यावर रंगवलेल्या काळाची आणि दुसरी तो चढवला त्या दिवसाची. अमेरिकी राज्यांच्या झेंड्यांबद्दल लिहिणारे बहुतेक जण पहिलीवर थांबतात, आणि खरी बातमी दुसरीत असते.

मिनेसोटाने १८९३ हे वर्ष निवडले, कारण त्या वर्षी शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले होते. प्रत्येक राज्याने आपला मांडव थाटायचा, तर त्यावर लावायला झेंडा हवा. तोवर कित्येक राज्यांना अधिकृत झेंडाच नव्हता. यादवी युद्धात पलटणी निळ्या कापडावर गरुड किंवा राज्याची मुद्रा रंगवून नेत असत. बऱ्याच राज्यांनी तोच साचा उचलला. त्यामुळे आजही निम्म्याच्या आसपास राज्यांचे झेंडे लांबून एकमेकांचे जुळे भाऊ वाटतात. मोंटानाने तर १९८१ मध्ये आपल्या झेंड्यावर राज्याचे नावच मोठ्या अक्षरांत घालून टाकले. झेंड्यावर नाव लिहावे लागणे म्हणजे आपल्याच घरात पाहुण्यासारखी ओळख करून देणे.

ध्वजाभ्यासकांना हे झेंडे खुपतात, आणि त्यात काही चूक नाही. टेड के यांची ‘गुड फ्लॅग, बॅड फ्लॅग’ ही छोटी पुस्तिका त्यांच्यात प्रमाण मानली जाते. झेंडा इतका साधा असावा की लहान मुलाला आठवून काढता यावा, रंग दोन-तीनच, अक्षरे नकोत, मुद्रा नको. कसोटी चांगली आहे. पण तिने फक्त चित्र तपासता येते.

मिसिसिपी घ्या. तिथल्या झेंड्याच्या कोपऱ्यात यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या फौजांचे लढाऊ चिन्ह होते: लाल चौकोन, निळी फुली, तिच्यावर पांढरे तारे. लहान मूल ते सहज काढेल. युद्ध १८६५ मध्ये संपले. मग हा झेंडा आला कधी? १८९४ मध्ये. त्याआधी चार वर्षे, १८९० मध्ये, राज्याने नवी घटना करून मतदान कर आणि वाचनपरीक्षेच्या आडून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळपास काढून घेतला होता. हरलेल्या लढाईची आठवण म्हणून तो झेंडा आला, हे मला पटत नाही. घरातली लढाई जिंकल्यावर तो आला.

पुढचा भाग तर एखाद्या फार्ससारखा आहे. राज्याने १९०६ मध्ये कायद्यांची नवी संहिता केली, तेव्हा झेंड्याचे कलम त्यात घ्यायचेच राहून गेले. हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले २००० मध्ये! म्हणजे ज्या झेंड्यासाठी लोक एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, तो नव्वदहून अधिक वर्षे कायद्यात नव्हताच. २००१च्या सार्वमतात लोकांनी तोच राखला. अखेर २०२०च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतरच्या आंदोलनांत, विधिमंडळाने तो उतरवला. मॅग्नोलियाच्या फुलाचा नवा झेंडा नोव्हेंबरमध्ये मतदारांनी मान्य केला आणि जानेवारी २०२१ मध्ये तो अधिकृत झाला. मधले सहा महिने राज्याला झेंडा नव्हता. राज्य चालू होते.

जॉर्जियाने तेच लढाऊ चिन्ह झेंड्यावर आणले १९५६ मध्ये. शाळांमधले वंशभेदाचे विभाजन घटनाबाह्य ठरवणारा निकाल १९५४चा. यापुढे वेगळे भाष्य नको. २००१ मध्ये गव्हर्नर रॉय बार्न्स यांनी तो झेंडा बदलला. नवा निळा झेंडा जुन्या झेंड्यांच्या छोट्या चित्रांनी असा भरला होता, की त्याच वर्षी ध्वजाभ्यासकांच्या पाहणीत तो ७२ झेंड्यांत तळाला गेला. पुढच्या वर्षी बार्न्स निवडणूक हरले. मग २००३ मध्ये देखणा, सुटसुटीत झेंडा आला आणि सगळे शांत झाले. गंमत अशी, की हा आजचा झेंडा दक्षिणेच्या बंडखोर राज्यसंघाच्या पहिल्या राष्ट्रध्वजावरूनच बेतलेला आहे. लढाऊ चिन्ह सगळे ओळखतात, तो राष्ट्रध्वज फारसे कोणी ओळखत नाही. न ओळखता येणे हीच त्याची सोय.

कापडाच्या तुकड्यावरून एवढे रामायण कशाला, असे बेळगावचा मराठी माणूस विचारणार नाही. महापालिकेसमोर लाल-पिवळा लागतो की भगवा, यात रंगापेक्षा किती जास्त असते हे त्याला ठाऊक आहे.

ध्वजाभ्यासकांच्या त्याच पाहणीत पहिला आला न्यू मेक्सिकोचा झेंडा. पिवळ्या कापडावर लाल सूर्य, चार दिशांना चार-चार किरण. खरोखर सुंदर. हॅरी मेरा या डॉक्टरने ते चिन्ह झिया जमातीच्या एका मडक्यावरून घेतले आणि १९२५ मध्ये तो राज्याचा झेंडा झाला. झियांसाठी हे चिन्ह पवित्र आहे. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि ही तक्रार त्यांनी पुढे जाहीरपणे मांडली. सगळ्या कसोट्यांना उतरलेला झेंडा, आणि एक प्रश्न त्या कसोट्यांत कुठेच नाही: हे चिन्ह कोणाचे?

कॅलिफोर्नियाच्या अस्वलाला तर विचारायची सोयही उरलेली नाही. १८४६च्या सोनोमाच्या बंडातले निशाण राज्याने १९११ मध्ये आपले मानले. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत तिथले ग्रिझली अस्वल नाहीसे झाले. झेंड्यावर ते अजून चालते आहे.

एक झेंडा मात्र माझ्या हिशोबात बसत नाही. अलास्का १९२७ मध्ये अजून राज्य नव्हते, नुसता प्रदेश होता. झेंड्यासाठी शाळकरी मुलांची स्पर्धा झाली आणि अनाथाश्रमात वाढणाऱ्या बेनी बेन्सन या मुलाचे चित्र निवडले गेले. त्याची आई तिथल्याच आदिवासी समाजातली. निळ्या कापडावर त्याने आठ सोनेरी तारे काढले: सात सप्तर्षींचे आणि आठवा ध्रुव. ध्रुवतारा कशासाठी, तर पुढे होणाऱ्या राज्यासाठी, असे त्याने चित्राबरोबर लिहून दिले होते. राज्य झाले १९५९ मध्ये. बेनीला बक्षीस म्हणून एक घड्याळ आणि हजार डॉलर मिळाले होते. त्या पैशांतून तो सिएटलला जाऊन डिझेल इंजिनाचे काम शिकला.